खांदा बसला की टॉप बसला

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मी एकदा अडकलो होतो. खोलीत नाही, टॉपमध्ये. बायकांचा टॉप, आकाशी रंगाचा, क्रेपचा, बाजूला चेन, बाही पाऊण. डोकं आत गेलं, उजवा हात गेला, डावा कोपरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुढं सरकेना, मागंही येईना. दोन्ही हात वर, तोंडावर क्रेप, एप्रिलचा महिना आणि आत पंखा नाही. बाहेरून पोरगं विचारतंय, "झालं का मालक?" झालं म्हणावं तर झालेलं नाही, नाही म्हणावं तर तो आत यायचा. शेवटी बगलेतली शिलाई टर्रकन उसवली आणि मी सुटलो. न बसणाऱ्या टॉपचे साडेचारशे रुपये मोजले, पिशवी काखेत मारली आणि घरी आलो.

लेबलवर एक्सएल होतं. शर्ट मी एल घालतो. म्हणजे टॉप सैलच व्हायला हवा, असा माझा साधा हिशोब. तो कुठं चुकला हे कळायला मला पुढची दोन वर्षं आणि एका शिवणवाल्या अक्कांची बोलणी खावी लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

टॉप कशासाठी हवाय हे मी विचारणार नाही. कुणाला हौस असते. कुणाला गॅदरिंगमध्ये किंवा लावणीच्या कार्यक्रमात उभं राहायचं असतं. कुणाला आपण आतून बाईच आहोत हे पक्कं ठाऊक असतं. आणि कुणाला मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसवर गेला की जाड शर्टापेक्षा रेयॉनची कुर्ती बरी वाटते. मी पहिल्या आणि शेवटच्या गटातला. बाईचा कपडा पुरुषाच्या अंगावर बसवण्याची कला आपल्याला नवीन नाही. बालगंधर्व रंगमंचावर जे नेसत, जे दागिने घालत, त्याची नक्कल घराघरातल्या बायका करत असत. फरक इतकाच की त्यांचे कपडे अंगाच्या मापाने शिवले जायचे, आणि आपण तयार घ्यायला निघालोय.

एक्सएल नेमका कशाचा

आपल्याकडच्या तयार कुर्तीवर बहुतेक वेळा अक्षरासोबत आकडा असतो. एम म्हणजे ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४. हा आकडा छातीचा, इंचात. काही कंपन्या तो अंगाच्या छातीचा धरतात, काही कपड्याच्या. त्यामुळे एकाच ४२ मध्ये दोन-तीन इंच इकडंतिकडं होतात. एवढ्यासाठी सुद्धा टेप लागतोच.

पण खरी मेख छातीत नाही. माझी छाती ४०. एक्सएल टॉपची छाती कपड्यात मोजली तर ४२ भरली, म्हणजे कागदावर मी त्यात मावतो. खांदा मोजला तर पंधरा. माझ्या शर्टाचा साडेसतरा. हे अडीच इंच कुठून आणणार? बायकांचे कपडे कापताना छाती वाढली तरी खांदा फारसा वाढवत नाहीत. प्रत्येक साइझला जेमतेम अर्धा इंच. म्हणून "एक साइझ मोठी घ्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. खांद्याच्या मागं लागून साइझ चढवत गेलात तर छातीला तंबू होतो आणि खांदा तरी अपुराच राहतो.

खांद्याच्या खाली आणखी तीन जागा दगा देतात. पहिली मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडलेली असते तो गोल. माझ्या शर्टाचा मुंढा सरळ टेपने साडेदहा इंच, त्या आकाशी टॉपचा साडेआठ. सरळ मापात दोन इंच कमी म्हणजे गोल फिरवला की चार. माझा डावा हात कोपरापाशी का अडला ते आता कळलं असेल. दुसरी जागा दंड. बाही वरून खाली चिंचोळी होत जाते आणि आपला दंड भरलेला असतो. जिमला न जाणाऱ्याचाही. तिसरी कंबर. बाईची कंबर मानेच्या मणक्यापासून पंधरा-सोळा इंचांवर येते, आपली सतरा-अठरावर. टॉपची कमरेची खाच वर असते, ती आपल्या बरगड्यांवर बसते. मग पोट खाचेच्या खालून बाहेर येतं आणि खाली सीटला जिथं बाईसाठी घेर सोडलेला असतो तिथं आपलं काहीच नसतं, कापड नुसतं पंख्यासारखं लोंबतं.

ह्यातलं बरंचसं शिंप्याकडे सुधारतं. छाती आत घेता येते, घेर कमी करता येतो, लांबी छाटता येते. बाहीच्या टॉपचा खांदा मात्र वाढत नाही. म्हणून खरेदी करताना आधी खांदा, बाकी सगळं नंतर. एक ते दीड इंच कमी असला तर चालतो, कारण बायकांच्या टॉपची बाही तशीही हाडाच्या थोडी आत जोडलेली असते. त्याहून कमी असेल तर हँगरवरून काढूही नका. कितीही आवडला तरी.

माप घरीच घ्या

दहा-वीस रुपयांचा कापडी टेप आणा. पोलादी टेपने माप घेऊ नका, मी घेतलंय, छातीचं माप चार इंच चुकतं आणि काखेत ओरखडा येतो.

पाठीमागून खांद्याच्या एका टोकाच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, हा खांदा. छाती काखेच्या लगेच खाली, श्वास नेहमीसारखा सोडून. दंड जिथं सर्वात जाड तिथं, हात जरा वाकवून. पोट बेंबीपाशी, आत न ओढता. हे शेवटचं विशेष सांगतोय, कारण पोट आत ओढून मोजायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते आणि टॉप काही आपल्या श्वासाबरोबर फुगत नाही. लांबी मानेच्या बुडापासून, जिथवर टॉप यावा असं वाटतं तिथपर्यंत. बायकांचा आखूड टॉप २४ ते २६ इंच असतो. साडेपाच फुटांच्या वरच्या पुरुषाला तो पँटच्या पट्ट्यापाशी संपतो आणि हात वर केला की पोट उघडं. २८च्या खाली जाऊ नका.

खांदा स्वतःचा स्वतः मोजता येत नाही. सांगायला कुणी नसेल तर नीट बसणारा एखादा शर्ट घ्या, बटणं लावून गादीवर सपाट पसरा आणि शर्टच मोजा. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतचं माप दुप्पट केलं की कपड्याची छाती. खांद्याच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत खांदा. खांद्याच्या टोकापासून बगलेपर्यंत सरळ, तो मुंढा. मी तर आता अंगाचं माप घेतच नाही, शर्टाचंच घेतो. कारण दुकानातही टॉप असाच काउंटरवर पसरून मोजायचा असतो. कपडा कपड्याशी ताडून बघितला की चूक होत नाही.

किती सैल हवा? न ताणणारं कापड असेल, म्हणजे कॉटन, रेयॉन, क्रेप, जॉर्जेट, तर कपड्याची छाती अंगापेक्षा तीन-चार इंच जास्त हवी. ताणणारं होजिअरी किंवा कॉटन लायक्रा असेल तर अंगाइतकी किंवा एखादा इंच कमी सुद्धा चालते.

सगळे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. वजन पाच किलो इकडंतिकडं झालं की छाती-पोट पुन्हा मोजा. खांदा तोच राहतो.

कोणता कट घ्यावा

सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच सजवलेल्या काठ्या, निघतात तेव्हा ते पेलणाऱ्यांच्या अंगात काय असतं? पांढरी बाराबंदी. पुढची एक बाजू दुसरीवर आडवी येते आणि बंदांनी बांधली जाते. छत्तीस छातीचा पोरगाही ती घालतो आणि शेहेचाळीसचा पैलवानही, कारण माप कपड्यात नसतं, बांधण्यात असतं. आज दुकानात रॅप टॉप म्हणून जे मिळतं ती ह्या बाराबंदीची धाकटी बहीणच म्हणायची. छातीवर आडवा येतो, बाजूला नाडी. पुढं भराव नसला तरी कापड तिरकं पडत असल्यामुळं रिकामं दिसत नाही आणि नाडी आपल्या कमरेवर, आपल्याला हवी तिथं बांधता येते. एकच काळजी घ्या: आपल्या सपाट छातीवर त्याचा गळा वाकलं की उघडतो. आतून एक टिचबटण लावून घ्या.

पण नाडी-बिडी बांधणं जमेल असं वाटत नसेल तर पहिला टॉप म्हणून बॅटविंग बाहीचा किंवा कफ्तानसारखा घ्या. बाही अंगातूनच निघते, खांद्याला शिलाईच नाही, मुंढा बगलेच्या बराच खाली. तिथं चुकायला जागा नाही. तोटा इतकाच की स्कूटर चालवताना त्यात वारा भरतो आणि होटगी रोडवर तुम्ही पॅराशूट घालून चालल्यासारखे दिसता.

रॅगलन बाहीही आपल्यासाठी चांगली. तिची शिलाई खांद्याच्या टोकावर नसते, गळ्यापासून थेट बगलेपर्यंत तिरकी जाते. खांदा रुंद असला तरी ओढ बसत नाही, आणि त्या तिरक्या रेघेमुळं तो जरा उतरताही दिसतो. हँगरवर टॉप लटकलेला असताना ही शिलाई शोधायला शिका. दुकानातल्या पोराला "रॅगलन दाखव" म्हणालात तर तो तोंडाकडं बघत राहील.

ए-लाइन छान. छातीखालून सरळ सैल होत जाते, पोट झाकते. छातीच्या खाली शिवण आणि मग चुण्या, असा टॉप घेताना मात्र ती शिवण कुठं येते ते बघा. आपलं धड लांब, त्यामुळं छातीखालची शिवण बरोबर छातीवर येऊन बसते आणि काहीतरी चुकलंय हे लांबून कळतं.

टाळायचे ते. प्रिन्सेस कट, म्हणजे मुंढ्यापासून कमरेपर्यंत दोन वळणदार शिलाया असलेला. त्यात छातीची वाटी कापडातच बनवलेली असते. आत काही नसेल तर ती चेपलेल्या डब्यासारखी पडते. पुढं उठून दिसणारे टक्स, म्हणजे छातीला उभार द्यायला शिवलेल्या चिमट्या, असतील तर तेच. बोट नेक, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा गळा, खांदा आहे त्याहून रुंद दाखवतो आणि फुगा बाही त्यावर कळस चढवते. व्ही गळा घ्या, नजर खाली उतरते. बाजूला चेन असलेला न ताणणारा टॉप नव्याने घेऊच नये, ह्याबद्दल माझ्याहून मोठा अधिकारी ह्या जिल्ह्यात नसेल.

पेप्लम, म्हणजे कमरेपासून झालर असलेला, मला पटत नाही. माझा एक मित्र तोच घालतो आणि त्याला झकास दिसतो, कारण झालरीमुळं नसलेली कंबर आणि नसलेली सीट दोन्ही तयार होतात. तेव्हा एकदा घालून बघायला हरकत नाही.

रंगांबद्दल एवढंच: वर गडद, खाली फिका किंवा छापील. बाकी तुमची आवड.

दुकानात काय बोलायचं

सुरुवातीला मी सगळीकडं "बायकोसाठी" म्हणायचो. सोयीचं वाटतं, पण त्यातून गोंधळच होतो.

"वहिनी कशा आहेत, बारीक की जाड?"

"मध्यम."

"उंची?"

"माझ्याएवढीच."

"आणि खांदा?"

"तोही... माझ्याएवढाच."

दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनींनाच घेऊन या की मालक." त्याला वाटलं मी माप विसरलोय. मला वाटलं त्याला सगळं कळलंय. तीन टॉप न बघताच बाहेर पडलो.

आता मी सरळ सांगतो: "माझ्याच मापाचा पाहिजे." दहातले आठ दुकानदार एक क्षण थांबतात आणि मग गिऱ्हाईक म्हणून वागतात. त्यांना गल्ला भरायचा असतो. उरलेले दोन हसतात, त्यांच्याकडून घेत नाही. एवढं धाडस नसेल तर "नाटकासाठी" म्हणा, त्याला आपल्याकडं मान आहे. पण "नाटकासाठी" म्हटलं की भडक, जरीचं, टिकल्यांचंच दाखवतात, हे लक्षात असू द्या. कोणता कपडा कुणी घालावा असा कायदा नाही. तरी पहिल्या वेळी एखादी मैत्रीण, बहीण, वहिनी बरोबर असली तर घसा कोरडा पडत नाही.

वेळ दुपारची, दोन ते चारची. उन्हात नवी पेठ ओस असते, पोरं स्टुलावर पेंगत असतात, कुणाला तुमच्यात रस नसतो. संध्याकाळी सातला किंवा दिवाळीच्या आधीच्या रविवारी गेलात तर मागून बायका ढकलतील आणि तुम्हाला टेप उघडायलाही जागा मिळणार नाही. टेप काढून काउंटरवर टॉप मोजायला लाजू नका. घरचा नीट बसणारा टॉप नमुन्याला नेला तर त्याहून बरं. त्याच्यावर नवा ठेवायचा, खांद्याला खांदा जुळवायचा, झालं.

ट्रायल रूम फक्त बायकांसाठी असेल तर हट्ट करू नका. तिथं आत कपडे बदलणारी बाई तुमच्यामुळं अवघडते, आणि तिचा काही दोष नसतो. बदलून मिळेल का ते आधी विचारा, पावतीवर लिहून घ्या, घरी घालून बघा. बहुतेक ठिकाणी बदलून मिळतं, पैसे परत मिळत नाहीत.

ट्रायल मिळालीच तर आरशात बघायच्या आधी तीन गोष्टी करा. दोन्ही हात वर, एसटीत दांडा धरल्यासारखे: खालची कड किती वर गेली? मग हात पुढं, स्कूटरचं हँडल धरल्यासारखे: पाठीत ताण आला, शिलाई कुरकुरली तर नको. मग खाली बसा: पोटाशी आडव्या चुण्या पडल्या तर साइझ वाढवा, खांदा जुळत असेल तरच. बायकांच्या शर्टाची बटणं डाव्या बाजूला असतात, आपल्या शर्टाच्या उलट. पहिले आठ दिवस बोटं चुकतात.

सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर टॉपचे ढीग दिसतात तेव्हा मन चळतं. स्वस्त असतात, पण घालून बघता येत नाही आणि परत तर मुळीच नाही. तिथून फक्त ताणणारं होजिअरीचं घ्या, तेही टेप लावून.

ऑनलाइन

फायदा उघड आहे, कुणी विचारत नाही. साइझ चार्ट उघडा आणि तो अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या ते वाचा. खांद्याचं माप दिलेलं नसेल तर तो टॉप सोडा. मॉडेलची उंची लिहिलेली असते, त्यावरून लांबीचा अंदाज घ्या. तिला मांडीपर्यंत आलेला टॉप तुम्हाला कमरेखाली चार बोटं येईल. घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघा, दुकानाचे नाही. लागोपाठच्या दोन साइझ मागवून एक परत करणं सर्वात सोपं, फक्त परत घेतात का ते आधी बघा आणि टॅग तोडू नका. एकत्र कुटुंबात राहत असाल तर पार्सल ऑफिसवर किंवा विश्वासातल्या दुकानावर मागवा. आमच्याकडं एकदा आत्यानं उघडलं होतं. तिला टॉप इतका आवडला की मला परत मिळालाच नाही.

शिंपी: इथं खरं काम होतं

सोलापूर चादरींसाठी ओळखलं जातं, टॉवेलसाठी ओळखलं जातं, पण हे शाळेच्या गणवेशाचंही गाव आहे. पूर्व भागात कारखान्यांचं काम घरी आणून शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. पुरुषाचा मुंढा कसा कापतात हे त्यांना झोपेतही ठाऊक असतं आणि शेजारणींची ब्लाउजंही त्याच शिवतात. आपल्याला नेमकी हीच जोडी लागते. नुसता लेडीज टेलर खांद्याला बिचकतो, नुसता जेंट्स टेलर जॉर्जेट हातात घेत नाही.

माझ्या अक्का अशाच. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मशीनशी मिश्र. तो फाटका आकाशी टॉप मी त्यांच्याकडं नेला तेव्हा "बायकोचा आहे, तेवढी बगल शिवून द्या" म्हणालो. त्यांनी टॉप उलटा केला, उसवलेली जागा बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अण्णा, हे तुमच्या अंगावर फाटलंय."

मी गप्प.

"मग तुमच्यावर माप घेऊ द्या की. हँगरवर किती येळ मापायचं?"

त्यांनी जे केलं ते नीट सांगतो, कारण ही युक्ती मला दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. तयार टॉपमध्ये शिलाईच्या आत मार्जिन जेमतेम अर्धा इंच असतं, तेही ओव्हरलॉक मारलेलं, म्हणजे सुटू नये म्हणून कड दोऱ्यानं गुंफलेलं. ब्लाउजसारखे दोन इंच दाबलेले नसतात, त्यामुळं उसवून सैल करता येत नाही. कापड वरून घालावं लागतं आणि तसंच कापड बाजारात मिळत नाही. अक्कांनी दोन्ही बाह्या उसवून काढल्या. पाऊण बाही, लांबी सोळा-सतरा इंच. तिच्या मधोमध उभी पट्टी आखली, तीन इंच रुंद. दोन बाह्यांच्या दोन पट्ट्या. मग टॉपच्या दोन्ही बाजू बगलेपासून खालच्या कटापर्यंत उसवल्या, चेन काढून बाजूला टाकली आणि तिथं एकेक पट्टी बसवली. शिलाईत अर्धा-अर्धा इंच गेला, दोन इंच उरले. दोन्ही बाजू मिळून चार. बेचाळीसचा टॉप शेहेचाळीसचा झाला, आणि रंग तोच, छाप तीच, कारण कापड त्याच टॉपचं.

आणि खांदा? बाही गेल्यावर पंधरा इंचांचा खांदा कुणाला अडवणार? बिनबाहीच्या टॉपला तो आतच असतो. मुंढा त्यांनी खालून एक इंच खोल केला, बाहीच्याच उरलेल्या तुकड्यातून तिरकी पट्टी कापून कडेला पायपिंग, म्हणजे बारीक गोट, लावलं. चेनचीही गरज उरली नाही, टॉप डोक्यावरून सरळ उतरतो. एकशे वीस रुपये घेतले. तो टॉप मी अजून वापरतो.

सगळ्यांना बिनबाही नको असते, दंड उघडे टाकायला आवडत नाहीत. मग खांदा जुळणाराच टॉप घ्या आणि नुसत्या बगलेत चौकोनी तुकडा घालून घ्या, तीन बाय तीनचा, टोकावर उभा. जुन्या पैरणीला असायचा तसा. हात वर केला की टॉप वर चढत नाही. तुकडा वेगळ्या रंगाचा असला तरी दिसत नाही.

शिंप्याकडं द्यायच्या आधी टॉप एकदा पाण्यातून काढा. कॉटन आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आटतात. आटायच्या आधी बसवलेला टॉप आटल्यावर पुन्हा पंधरा इंचांवर येतो. नळाला ज्या दिवशी पाणी येईल त्याच दिवशी भिजवा, आणि रेयॉन उन्हात वाळत टाकू नका. आपलं ऊन रंगही पिऊन टाकतं.

नवीनच शिवून घ्यायचा असेल तर चाटी गल्लीत किंवा कटपीसच्या दुकानात ४४ इंच पन्ह्याचं कापड बघा. गुडघ्याच्या वर येणाऱ्या बाहीच्या टॉपला दोन-सव्वादोन मीटर पुरतं. शिवणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: पुढं टक्स नकोत, मुंढा शर्टाचा ठेवा, कमरेची खाच दीड-दोन इंच खाली घ्या. गळा, बाही, झालर, लेस, ते सगळं बायकांच्या टॉपचंच. पहिला टॉप स्वस्तातल्या कापडाचा शिवा. तो बसला की त्याचाच नमुना कायमचा ठेवून द्या.

आत काय घालावं

जॉर्जेटखाली साधी बनियन घातली की गळ्यातून पांढरी कड डोकावते आणि सगळी मेहनत वाया जाते. अंगाच्या रंगाची स्लिप घ्या, बायकांची, डबल एक्सएल, ताणणारी. ती मात्र बिनदिक्कत घ्या, तिला खांदाच नसतो. छातीला भराव द्यायचा असेल तर पॅडेड ब्रा घालूनच टॉपचं माप घ्या, दोन-तीन इंच वाढतात. भराव असला की टक्स असलेले, प्रिन्सेस कटचे टॉपही बसायला लागतात आणि वरची "टाळायचे ते" यादी निम्मी रद्द होते. खांद्याचा कलम तेवढा कायम.

आणि एखादा टॉप खरंच झकास बसला तर तोच दुसऱ्या रंगात घ्यायचा मोह होतो. मलाही झाला. त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, तीच साइझ, डोळे झाकून घेतला, आणि घरी आल्यावर काखेत ओढायला लागला. अक्कांना दाखवला तर त्या हसल्या. कारखान्यात पन्नास-पन्नास घड्या एकावर एक ठेवून एकदाच कापतात. सुरी वरून खाली जाताना थोडी कलते, वरची घडी आणि खालची घडी एक निघत नाही. त्यात रंग वेगळा म्हणजे लॉट वेगळा. त्यांनी टेप लावला. खांदा पाऊण इंच कमी.

"ह्याच्या पण बाह्या काढू?"

"काढा," म्हटलं.